बिडीपुरती सुट्टी

आधी माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारा माणूस फिरलेला असावा लागतो. मी मेहकर सोडून अकोल्याच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिक झालेलं नाही, त्यामुळे छापून येणारं काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. पण कॉलेजच्या अंकाचं काम पाहणारे सर म्हणाले, "नागपूर पाहून आलास ना? मग लिही. आपल्याकडची बरीच मुलं गेलेली नाहीत." सरांना बहुधा संत्र्यांचे बगीचे, महाराजबाग, सीताबर्डीचा बाजार अपेक्षित असावा. त्यातलं थोडं लिहीन. मात्र मी तिकडून परतलो तो रागावून परतलो. राग बाजूला ठेवून लिहायला बसलो तेव्हा कागद फाडावे लागले. म्हणून जसं झालं तसं लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

निघण्याचं कारण

माझे मामा, गुलाबमामा, तरुणपणी पोटासाठी नागपूरला गेले ते तिथलेच झाले. तिथलीच बायको केली, बोलणंही तिथलं उचललं. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतकामाच्या कारखान्यात ते वाळूच्या हातगाड्या ढकलतात. साच्यांसाठी लागणारी वाळू या टोकाकडून त्या टोकाला न्यायची, दिवसभर. कारखान्याचं नाव लिहीत नाही.

दिवाळीनंतर मामीचा निरोप आला. मामांचा पाय दुखतो, कारखान्याचा डॉक्टर ऐकून घेत नाही, भाच्याला पाठवा, तो सायन्सला आहे.

मी सायन्सला म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, प्राणिशास्त्र घेऊन. तोवर झुरळ आणि बेडूक एवढंच चिरलं होतं. हे मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बेडकालेही पाय असतेतच ना?" पिशवी भरली आणि निघालो.

अजनी

पहिली फजिती उतरतानाच झाली. अकोल्याहून पॅसेंजरने वर्धा मागे टाकलं आणि रुळांची गर्दी दिसू लागली, तसा डब्यातला एक जण "आलं नागपूर" म्हणाला. मी पिशवी घेऊन उतरलो. गाडी सुटल्यावर पाटी वाचली, अजनी. नागपूर पुढच्या स्टेशनाला. मामा मोठ्या स्टेशनवर माझी वाट पाहत उभे, आणि मी इकडे एका हमालाला मराठीत रस्ता विचारतोय, तो मला हिंदीत सांगतोय. नागपुरात हे सारखं होतं. समोरचा मराठी असला तरी बोलणं हिंदीत सुरू होतं आणि मग आपण दोघंही मराठीच असल्याचं ध्यानात येतं. शेवटी विचारत विचारत हिंगणा रस्त्यावरच्या मामांच्या वस्तीत मीच आधी पोचलो. मामा मागाहून आले.

ते दारात आले तसा मी पाया पडायला वाकलो. मामींनी झटकन माझा हात धरला. "अरे बाप्पा! भाच्यानं मामाच्या पाया पडाव नाई. इकडं उलटं असते गा." आणि खरंच, माझे पन्नाशीतले मामा माझ्या पायांशी वाकले. आमच्याकडे असं कोणी केलं तर लोक हसतील. तिकडे भाच्याला देवासारखा मान. मी लाजेने मागे सरकलो. पण मामा वाकले ते लगेच उठेनात. खाटेच्या कडेला हात टेकून त्यांनी डावा पाय जरा सैल सोडला आणि मग सावकाश उभे राहिले.

"काही नाई गा," ते म्हणाले. "स्टेशनावून पायी आलो थोडं, म्हणून."

मामींनी त्या दिवशी वडाभात केला होता. आमच्याकडे भात म्हणजे सणाचा किंवा आजाऱ्याचा. तिकडे तो रोजचा. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून मिरची-हिंगाची गरम फोडणी ओतायची. ओतलेलं तेल पाहून मी दबकलो, पण घास घेतल्यावर दबकणं संपलं. जेवताना मामींनी सगळं सांगितलं. चालायला लागलं की मामांच्या पोटरीत कळ येते. थांबलं की जरा वेळाने जाते. पुन्हा चाललं की पुन्हा येते. कारखान्याच्या डॉक्टरने पाय उघडूनसुद्धा पाहिला नाही. "उभं राह्यलं का बरं वाटते म्हणता? मंग हा कामचोरपणा हाये, आजार नोहे," असं त्याने सगळ्यांसमोर म्हटलं.

मामा ताटाकडे पाहत भात कालवत राहिले.

बसथांब्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी मामांची सुट्टी नव्हती. कंपनीची बस जिथे थांबते तिथपर्यंत मी त्यांच्यासोबत गेलो. रस्ता फार नाही. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या ढिगाऱ्यांपाशी गाड्या लागलेल्या, एका टपरीवर तर्री ओतलेले पोहे. मी डोळे भरून पाहत चाललो होतो. मामा थोडं चालले आणि थांबले. खिशातून बिडी काढली, पेटवली. दोन झुरके घेतले, विझवून कानावर ठेवली. पुन्हा चाललो. पुन्हा थांबले, पुन्हा बिडी.

तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. "मामा, इतक्या बिड्या? तुम्ही तर आमच्याकडे आलात की सुपारीसुद्धा खात नाही."

त्यांच्याऐवजी मागून उत्तर आलं. "त्याले बिडीची तलप नाई ना भाऊ, त्याले थांब्याची तलप हाये!" मामांचे जोडीदार हिरामण आमच्याबरोबर चालू लागले. तेही वाळूच्याच गाडीवर. "आमच्याकडं याचं नावच पॅसेंजर पडलं. दर टेशनाले थांबते."

"चूप बस बे," मामा म्हणाले, पण हसले.

मग हिरामणांनी मला तिथली रीत सांगितली. कामावर माणूस नुसता उभा दिसला की मुकादम ओरडतो. पण बिडी ओढणाऱ्याला तो काही म्हणत नाही. बिडीपुरती सुट्टी सगळ्यांना मान्य आहे. ती कुठे लिहिलेली नाही, कारखाना सुरू झाल्यापासून तशीच चालत आलेली. जो बिडी ओढत नाही त्याला ती सुट्टी नाही. दम घ्यायला थांबलास तर कामचोर, बिडीला थांबलास तर माणूस.

"पयले मी कधीमधी एखादी ओढत होतो," मामा म्हणाले. "मंग पाय दुखाले लागला. थांबू कसा? बिडी काढली का कोणी विचारत नाई. आता रस्त्यानं बी तीच सवय लागली. उभा माणूस दिसला का लोक इचारतेत, काय झालं गा? रोज किती जणाले सांगाव?"

बस आली, दोघे चढून गेले. मी तिथेच उभा राहिलो. पाय दुखतो म्हणून बिडी. बिडीचं पुढे काय होतं ते मला अजून माहीत नव्हतं.

सरकारी दवाखाना

मामींनी भांडून मामांना एक दिवस खाडा करायला लावला आणि आम्ही शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथली रांग म्हणजे एक लहान यात्राच. कोणी भंडाऱ्याहून आलेला, कोणी पांढुर्ण्याहून. लोक डबे उघडून जेवत होते, एकमेकांचे आजार विचारत होते.

आमचा नंबर एका डॉक्टरबाईंकडे लागला. त्या तिथे विद्यार्थ्यांना शिकवतही होत्या. त्यांनी मामांचा पाय हातात घेतला, आणि ते पाहूनच मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पावलावर बोटं ठेवली, घोट्यामागे ठेवली, गुडघ्यामागे ठेवली. मग उजव्या पायावर ठेवली. मग मला म्हणाल्या, "तू ठेव." उजव्या पावलावर बारीक ठोका लागत होता. डाव्यावर काहीच नाही. पाऊल थंड होतं, नडगीवरचे केस गेले होते.

"रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे," बाई म्हणाल्या. "चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही. थांबलं की पुरतं. म्हणून थांबल्यावर बरं वाटतं."

मामींनी विचारलं, "बाई, हा तूप खाणाऱ्याचा रोग ना? आमच्या घरी तूप बाळंतिणीच्या पुढं कधी गेलंच नाई."

बाईंनी मामांच्या कानावरची अर्धी बिडी पाहिली. "हे तुपापेक्षा वाईट," म्हणाल्या.

मी फार धीर करून विचारलं की रक्तवाहिनी आतून अरुंद होते म्हणजे नेमकं काय होतं. मला नळात गोठलेल्या तुपाचंच चित्र दिसत होतं. बाई म्हणाल्या, "सायन्सला आहेस? दुपारी ये, दाखवते."

दुपारी त्यांनी मला बरण्यांनी भरलेल्या एका खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक काप लावला. कोणाच्या तरी धमनीचा आडवा काप. तो माणूस कोण होता ते विचारायचं धाडस झालं नाही.

धमनी म्हणजे नुसता नळ नव्हे, हे मला तिथे कळलं. तिची भिंत जिवंत असते. रक्ताला लागून एक अगदी पातळ अस्तर, एका पेशीच्या जाडीचं. त्याच्या बाहेर स्नायूंच्या पेशींचा मधला थर, लांबट पेशी एकीला एक लागून वेढा घालून बसलेल्या. आवळायचं आणि सैल सोडायचं, एवढंच त्यांचं काम, जन्मभर. निरोगी कापात त्या अशाच दिसत होत्या. मग बाईंनी दुसरा काप लावला. त्यात मधोमध मोकळी जागा जवळजवळ उरलीच नव्हती. अस्तर आणि मधला थर यांच्यामध्ये जाड गादी आलेली.

"ही गादी नुसत्या चरबीची नाही," त्या म्हणाल्या. "यात मधल्या थरातल्या स्नायूंच्या पेशीसुद्धा आहेत. त्या आपली जागा सोडून आत सरकल्या. आत येऊन वाढल्या, एकीच्या अनेक झाल्या. आवळण्याचं काम सोडलं आणि धागे विणायला लागल्या. काहींनी चरबी गिळली, फुगून फेसासारख्या झाल्या. वर्षानुवर्षं हे चालतं." मग सहज म्हणाल्या, "पेशी कामचोर झाली म्हण ना."

का कोण जाणे, मला तो शब्द सहन झाला नाही. "बाई, कामचोर म्हणू नका," मी म्हणालो. लगेच जीभ चावली. त्या मोठ्या डॉक्टर आणि मी कोण!

पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. कामचोर नाहीत त्या. अस्तराला इजा होते. बिडीच्या धुराने होते, रक्तदाबाने होते, रक्तातल्या चरबीने होते. इजा झाली की या पेशी ती भरून काढायला येतात. जखमेवर खपली धरावी तसं. एकदाच इजा झाली असती तर त्यांनी ती भरून काढली असती. पण रोज दिवसभर तिथेच धूर लागतो. त्यांची दुरुस्ती संपतच नाही. त्या दुरुस्तीनेच वाट बुजते." आणि यातलं पुष्कळ अजून पुरतं कळलेलं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी पुन्हा नळीला डोळा लावला. ओळ मोडून आत आलेल्या त्या पेशी पाहताना मला चीड आली ती त्यांची नाही. इजा करणारा कोणी दुसराच, आणि नाव मात्र त्यांच्यावर.

परतताना बाईंनी चिठ्ठी दिली. बिडी पूर्ण बंद, पायाला शेक द्यायचा नाही, जखम होऊ द्यायची नाही, आणि बसून करायचं काम मिळावं. "बिडी सुटली तर पाय वाचायची आशा आहे," त्या मामींना म्हणाल्या. "नाहीतर नाही."

हिंगणा

ती चिठ्ठी घेऊन मी मामांबरोबर कारखान्याच्या फाटकाला लागून असलेल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर साफ कपड्यांतले, गोड बोलणारे गृहस्थ. मुकादमही तिथेच चहा पीत बसलेला. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत दिली.

"धमन्या भरतात त्या तूपलोणी खाणाऱ्यांच्या. शेटजींचा आजार आहे हो हा. गुलाब, तू कधी शेटजी झालास?"

मुकादम हसला. "बसून काम पाह्यजे? बसाचं हाये तर घरी बस ना गा."

मी बोलायला लागलो. अस्तर, मधला थर, आत सरकणाऱ्या पेशी, बिडीचा धूर, सगळं एका दमात. आणि हेही म्हणालो की तुमच्याकडे दम घ्यायला सुट्टी नाही म्हणून हे बिडी ओढतात.

"कोणत्या मेडिकल कॉलेजात आहेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेडिकल नाही. बी.एस्सी."

"मग बेडूक सोडून माणसांत कशाला आलास?"

मुकादम मोठ्याने हसला. आणि मामाही हसले. त्याचंच मला सर्वांत जास्त लागलं. ते हसू मी ओळखतो. आमचे वडील तलाठ्यासमोर असेच हसतात.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्याखातर बिडीचं बंडल घरी ठेवलं. रस्त्यात कळ आली तेव्हा ते नुसते उभे राहिले, दोन्ही हात मोकळे, कुठे पाहावं ते न कळल्यासारखे. पानवाल्याने लगेच विचारलं, "का झालं गा गुलाबभाऊ?" मामा म्हणाले, "काही नाई, भाच्याले रस्ता दाखवून राह्यलो."

दुपारी जेवणाच्या आधीच ते परत आले. मुकादमाने सांगितलं होतं, उभं राहायचं तर घरी जाऊन उभा राह्य.

तिसऱ्या दिवशी बसथांब्याच्या वाटेवर मामांनी खिशात हात घातला. मी ओरडलो. रस्त्यात, चारचौघांत, माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या माणसावर, ज्याने माझ्या पायांना हात लावला होता. "पाय जाईल मामा! कळत कसं नाही तुम्हाला?"

"कळते ना," ते शांतपणे म्हणाले. "पण पाय जाईन थे पुढं जाईन गा. नोकरी तं आजच जाते. मामी सांगेन तुले, घरात का हाये नं का नाई." आणि काडी ओढली.

मला त्यांचा राग आला. मग रागाने जाऊन बसायला जागा शोधली, तर ती मामांपाशी सापडेना. ज्याने कामावर थांबायची किंमत म्हणून बिडी ठरवली त्याच्यापाशी ती होती. कायद्यात पाहिलं तर असं कोणी काही ठरवलेलंच नाही. मुकादम म्हणेल, मी कुठे बिडी ओढ म्हटलं? डॉक्टर म्हणतील, मी कुठे औषध नाकारलं? आणि माणूस मात्र दर थांब्याला आपल्या धमनीत धूर भरतो.

परत

निघताना मामींनी संत्री दिली, आणि कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या. मला स्टेशनवर सोडायला मामा यायचं म्हणत होते, मी येऊ दिलं नाही. अकोल्यापर्यंत गाडीत शेजारच्या माणसाने नागपूर कसं वाटलं विचारलं. छान आहे, म्हणालो. छान आहेच. वडाभात छान आहे, थंडी छान आहे, अनोळखी माणसाला बसायला जागा देणारी माणसं आहेत. सीताबर्डीच्या किल्ल्यापाशी मी गेलोच नाही, त्याबद्दल सरांची क्षमा मागतो.

गावी आल्यावर मी घरच्यांना सूक्ष्मदर्शकातलं सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि आपलं तंबाखूचं पान बाजूला ठेवलं. किती दिवस टिकेल माहीत नाही.

मग काही महिने बातमी नाही. मी परीक्षेत गुंतलो. आई रोज विचारायची, मी रोज म्हणायचो, बरं असेल. परवा उन्हं कलताना हिरामण दारात उभे. शेगावला दर्शनाला आले होते, तिथून वाट वाकडी करून आमच्याकडे आले. पाणी पिऊन झाल्यावरच बोलले. गरम वाळूचा चटका मामांच्या अंगठ्याला लागला होता. पाऊल बधिर, त्यांना कळलाच नाही. जखम भरली नाही, काळी पडली. सरकारी दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जीव वाचला.

आईने पदर तोंडाला लावला. मग तिने विचारलं, "आता कामाचं?"

"काम देल्लं ना बाई. गेटावर. स्टुलावर बसाचं आन् येणाऱ्या गाड्या पाहाच्या. मालक सोता आले होते, फोटो काढला. माणुसकी म्हणून, म्हणाले."

"हे काम नवीन काढलं का त्याच्यासाठी?"

"नवीन कायचं, बाई," हिरामण म्हणाले. "वर्षभरापासून थे स्टूल रिकामंच होतं."